शनिवारचा गहू

गोड काय आणू, हे गारिफालियानं विचारलंच नाही. मासे संपले, ताटं उचलली, आणि तिनं खालच्या स्वयंपाकघरातून शिजवलेल्या गव्हाची परात वर आणून टेबलाच्या मधोमध ठेवली. वर पिठीसाखरेचा गुळगुळीत थर, कडेनं सोललेले बदाम, मध्ये चंदेरी साखरगोळ्यांचा क्रूस. क्रूसाखाली नावाची अक्षरं काढायची रीत आहे. ती जागा तिनं कोरी ठेवली होती.

बोट प्सेरिमोस बेटाच्या मागच्या अंगाला, खडकांच्या आडोशाला उभी होती. जेवायला ही जागा तिनंच सुचवली होती.

वेनेतोस साहेबांनी अख्खी बोट दिवसभरासाठी घेतली होती, होणाऱ्या व्याह्यांना बेटं दाखवायला. सकाळपासून सगळं झोकात चाललं होतं. पोहणं झालं, गाणी झाली, लेकीच्या लग्नाचा महिनासुद्धा ठरत आला होता.

"हे काय?" साहेब म्हणाले. "मी लिंबाचा केक सांगितला होता."

"आज शनिवार, साहेब. शनिवार मेलेल्यांचा. सकाळीच देवळातून पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेऊन आणलाय."

व्याह्यांनी हातातला पेला खाली ठेवला. विहीणबाई पोलिक्सेनी सावरून बसल्या, छातीवर क्रूस काढला. मेलेल्याच्या नावानं शिजवलेल्या गव्हाला नाही म्हणायचं नसतं. तळहातावर घ्यायचा, त्याचं नाव घेऊन 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं, मग तोंडात टाकायचा. सालोनिका शहरात चौथ्या मजल्यावर राहूनही बाई हे विसरल्या नव्हत्या.

"कुणाचा गं, पोरी?"

"धाकट्या भावाचा, बाई."

"अरेरे. लहान होता?"

"मिशी नुकती फुटली होती. पण तोरा असा, जसं काही गावात पहिली मिशी यालाच आली."

विहीणबाई हसल्या आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. "काय झालं गं त्याला?"

गारिफालिया एकेकाच्या तळहातावर चमचा रिकामा करत बोलत राहिली. आवाज तोच, भाजी वाढतानाचा. "बोटीवर कामाला होता. अशाच जागी नांगर खडकात अडकला. वारा सुटलेला, आणि मालकांना संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. दोनदा बुडी मारून आला. म्हणाला, निघत नाही, साखळी तोडा. मालक म्हणाले, साखळी नवी कोरी आहे, अजून एकदा जा." तिनं व्याह्यांना वाढलं. "गेला."

"देव बघून घेईल त्या मेल्या मालकाला!" विहीणबाई म्हणाल्या.

वेनेतोस साहेबांनी मान वर केली. आज पहिल्यांदाच त्यांनी गारिफालियाचा चेहरा पाहिला. इतका वेळ ती त्यांच्यासाठी एक पांढरा शर्ट आणि बर्फाची बादली होती.

"नाव सांग बाई त्याचं," पोलिक्सेनी म्हणाल्या. हात तसाच पुढे धरलेला. "नावाशिवाय कशी खाऊ?"

"साहेबांना विचारा ना." गारिफालियानं साहेबांच्या तळहातावर भरघोस चमचा उपडा केला. "तेव्हा त्यांची स्वतःची बोट होती, तिच्यावरच होता."

सुकाणूपाशी बसलेल्या निकितास काकांनी तोंड उघडलं. बाप्तिस्म्याला पोराला हातात धरून त्याचं नाव त्यांनीच उच्चारलं होतं. गारिफालियानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काकांनी तोंड मिटलं.

"बाबा?" लेक मिर्तो म्हणाली.

"अपघात होता तो," साहेब घाईनं म्हणाले. "रीतसर चौकशी झाली होती. पोरगा प्यायलेला होता, मी तेव्हाच सांगितलं होतं सगळं. ह्या लोकांना काय, कुणावर तरी ढकलायचं असतं."

प्यायलेला. गारिफालियाची आई ह्या एका शब्दानं अंथरुणाला खिळली, ती उठलीच नाही. देवळाच्या पायरीवर बायका अजून तो शब्द हळूच एकमेकींच्या कानात घालतात. पोरानं मात्र उभ्या आयुष्यात दारूला ओठ लावला नव्हता. वासानंच त्याला मळमळायचं.

"प्यायलेला होता हे बरं लक्षात राहिलं," विहीणबाई सावकाश म्हणाल्या. सकाळपासून त्या 'व्याहीबुवा, व्याहीबुवा' करत होत्या. "आणि नाव नाही राहिलं, मिस्टर वेनेतोस?"

साहेबांच्या मुठीतून साखर गळत होती. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून. गारिफालियानं ह्या घटकेची किती रूपं मनात रंगवली होती! साहेब रडतील, अंगावर ओरडतील, परात उचलून समुद्रात फेकतील. सगळ्याला ती तयार होती. पण त्यांना नाव कधी माहीतच नव्हतं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या दिवशी हाक मारली असेल ती 'ए पोरा' अशीच.

मिर्तोनं आपल्या हातातला गहू न खाता बशीत ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली. साहेबांनी गारिफालियाकडे पाहिलं. आता नजरेत गुर्मी नव्हती, विनवणी होती. एक शब्द सांग, बाई. एवढंच.

शब्द तिच्या ओठांवर आलाच होता. रोज संध्याकाळी दारातून जी हाक मारायची, तीच ती. तिनं तो गिळला, आणि चमचा पुन्हा शिगोशीग भरला.

"आठवेपर्यंत खा, साहेब," ती म्हणाली. "भरपूर शिजवलाय."