मुकं नाणं

थॉर्नलीने माझं नाणं परत दिलं, तेव्हा मी ते वाजवून घेतलं नाही. इतका जुना दोस्त, त्यात चर्चचा पाद्री. मेणाचा ठसा घ्यायचाय म्हणून त्याने ते आठवडाभर नेलं होतं. सॅक्सन राजाचं चांदीचं नाणं. तसं दुसरं अख्ख्या इंग्लंडात नाही.

गुरुवारी दुपारी कॉफीहाउसात आम्ही नाणेवेडे जमलो, तेव्हा मी ते संगमरवरी टेबलावर टाकलं. आवाजच झाला नाही. खणखणीत नाद आला, तो समोर बसलेल्या थॉर्नलीच्या खिशातून.

"माझं नाणं काढ," मी म्हणालो.

"अरे बाबा, घड्याळ वाजलं माझं!" त्याने हसत सगळे खिसे उलटे करून दाखवले. खिशांत काहीच नव्हतं. घड्याळसुद्धा नाही.

"म्हातारचळ लागला रे तुला, विटकोम," बाकीचे खदखदले. "पाद्र्यावर आळ घेतोस?"

कॉफी देणारी लवेलबाई तेवढी माझ्या बाजूने बोलली. "मीपण ऐकलं, साहेब. परत टाका बघू."

मी टाकलं. थॉर्नलीच्या उलट्या खिशातून नाद आला, मग त्याच्या शेजाऱ्याच्या, मग टेबलाभोवती एकेकाच्या. हसणं थांबलं. चोरी पकडली गेल्यासारखा प्रत्येकाचा हात आपापल्या खिशावर गेला. माझ्याकडे कोणी बघेना.

शेवटचा नाद माझ्या पाठीमागून आला. लवेलबाईने एप्रनचा खिसा मुठीत घट्ट आवळून धरला होता.

"आता नका टाकू, साहेब," ती पुटपुटली.