त्रेसष्ट नंबरचा माणूस

खिडकीतली बाई मान वर न करता एकेकाच्या हातात पितळेचा बिल्ला देत होती, तेवढ्यात कुणीतरी उलट तिच्याच पुढ्यात एक बिल्ला ठेवला. जुना, काळा पडलेला. वर नंबर त्रेसष्ट.

बाईचा हात होता तिथेच थांबला.

रविवारची सकाळ होती. शहरातून तासाभरात येता येतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी या धबधब्याच्या घळीत नुसती जत्रा लोटते. समोर साठीचे एक गृहस्थ उभे होते, डोक्यावर टोपी, बोटाला धरलेली नात. चेहरा चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा, पण बोलायची हौस दांडगी. मागे रांग खोळंबली आहे याची फिकीर न करता त्यांनी सगळं साग्रसंगीत सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी ते ऑफिसच्या मंडळींबरोबर इथे सहलीला आले होते. निघताना बसवाला हॉर्न वाजवून वाजवून जीव खायला लागला, हे धावत सुटले, आणि बिल्ला राहिला जाकिटाच्या खिशात. ते जाकीट गेलं ट्रंकेत. परवा नातीसाठी ट्रंक उपसली तेव्हा हा हाताला लागला. दुसऱ्याची वस्तू घरात असली की मला झोप लागत नाही, म्हणाले. म्हणून मुद्दाम आलो.

कळसा यांच्या काखेत होता, आणि वळसा कुणाला पडला हे यांच्या गावीही नव्हतं.

इथली रीत साधी आहे. आत जाताना बिल्ला घ्यायचा, बाहेर येताना फळीवरच्या आपल्या नंबराच्या खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी सगळे खिळे भरले की फाटकाला कुलूप. एक जरी खिळा रिकामा राहिला, तर राखणदाराने आत जाऊन माणूस शोधून आणायचा. अकरा वर्षांपूर्वी इथला राखणदार बाईचा नवरा होता. कुणीतरी मागे राहिलंय, आलोच, असं म्हणून तो गेला, तो दुसऱ्या दिवशी चौघांच्या खांद्यावरून आला. वरच्या धबधब्याशी शेवाळावरून पाय गेला होता.

त्रेसष्ट नंबरचा माणूस काही सापडला नाही. आठ दिवस लोकांनी डोह ढवळले. त्याची चौकशी करायलाही कुणी आलं नाही. एकजण म्हणाला, बिल्ला खिशात घालून घरी गेला असेल एखादा. त्याच्याशी बाई वर्षभर बोलली नाही. त्या त्रेसष्टवाल्याला पाण्याने नेलं आणि त्याला वाचवता वाचवता आपला माणूस गेला, हे तिने मनाशी घट्ट धरून ठेवलं. दुसरं धरायला होतं काय? नवऱ्याच्या जागेवर तिला खिडकीत बसवलं, तेव्हापासून त्या न पाहिलेल्या माणसाचाही तिला लळा लागला. नवऱ्यामागे रडायला निदान मी तरी आहे, त्या बापड्यामागे कोण, असं म्हणून ती त्याच्या वाटचंही रडायची. नव्या साहेबांनी त्रेसष्टचा दुसरा बिल्ला पाडून घेऊ म्हटलं, तर तिने पाडू दिला नाही. गेलेल्या माणसाचा नंबर आहे, तो राहू दे, म्हणाली.

आणि तो गेलेला माणूस आता खिडकीशी उभा राहून खोकल्याची गोळी चघळत होता.

बाईची कानशिलं तापली. खिडकीतून हात घालून त्याची गचांडी धरावी असं तिला वाटलं. अकरा वर्षं मी तुझं सुतक पाळलं रे, आणि तू घरी जेवत होतास! पण राग आला तसा ओसरला, आणि जे मागे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. म्हणजे आत कुणी नव्हतंच. अंधार पडेपर्यंत तिचा नवरा रिकाम्या घळीत हाका मारत फिरत होता. घाबरू नका, आहात तिथेच थांबा, मी आलो, असं तो ओरडत असणार. तशी त्याला सवयच होती. आणि ओ द्यायला तिथे कुणी नव्हतं. अकरा वर्षांनी तो तिच्यासाठी पुन्हा एकदा मेला, आणि या खेपेला फुकट मेला.

नात आजोबांचा शर्ट ओढत होती. आत कधी जायचं, तिचं एकच टुमणं. बाई बिल्ला उचलेना, तेव्हा गृहस्थ जरा वरमले.

"रागावलात का ताई? माझ्यापायी कुणाला त्रास तर नाही ना झाला?"

आता सांगायला काही हरकत नव्हती. चार शब्दांचं काम होतं. त्या चार शब्दांनी या माणसाची झोप जन्माची गेली असती, आणि जावीच, असंही बाईला एकदा वाटलं. तिने पोरीकडे पाहिलं. पोरगी टाचा उंच करून खिडकीतून आत डोकावत होती. तोंडाशी आलेलं बाईने गिळलं, तरी थोडं निसटलंच.

"आमच्या ह्यांनी तुम्हाला फार शोधलं."

"अरेरे," गृहस्थ ओशाळून हसले. त्यांनी आपल्या हाताने तो बिल्ला तिच्याकडे आणखी थोडा सरकवला. "मग त्यांना सांगा, सापडला म्हणून. सुखरूप आहे म्हणावं."

"सांगते," बाई म्हणाली.