शर्वरीच्या गवताची तहान

हिरवळ राखायच्या प्रशिक्षणात गवत कानातल्या यंत्रातून बोलायचं. ऋजुताचं दिवसभर "पाणी दे" म्हणून भुणभुणायचं आणि ती देत राहायची. शेजारच्या शर्वरीचं गवत मात्र मजेत गुणगुणायचं. सर त्याचंच कौतुक करत, की ऋजुताच्या पोटात दुखायचं. स्टेडियमवरची नोकरी एकीलाच मिळणार होती ना.

एके दिवशी डब्याच्या सुट्टीत तिनं शर्वरीच्या वाफ्याला मुळांशी पाणी पोचवणारा जमिनीखालचा नळ गुपचूप बंद केला. "आता गुणगुण म्हणावं," ती पुटपुटली.

महिन्याभरानं परीक्षेसाठी सरांनी सगळ्यांचंच पाणी तोडलं. आठवड्यात ऋजुताचं लाडावलेलं गवत रडून रडून पिवळं पडलं. शर्वरीचं हिरवंगार राहिलं. सरांनी माती उकरली, तर मुळं पाण्याच्या शोधात हातभर खोल गेलेली.

"तहानेची सवय आधीच लावलीस. शाब्बास."

"नाही हो सर, मी रोज पाणी सोडत होते," शर्वरी गोंधळली. "तरी मेलं तहान तहान करायचं. मग आपोआप गप्प झालं."

सरांनी उकरलेल्या मातीत हात घालून खालचा नळ चाचपला; तो बंद होता. "मग हा नळ बंद केला कुणी? नोकरी त्याचीच."

ऋजुताचा हात झटकन वर गेला.

शर्वरी तिच्याकडे वळली. "तू? पण का गं?"

ऋजुताला तो हात खाली घेता येईना.