बोगद्यातला तुकडा

क्लबच्या मोठ्या मॉडेल रेल्वेचे जुने रूळ उखडून नवे टाकायचं काम रंगात आलं होतं. घड्याळवाले काका बोगद्यातला शेवटचा तुकडा मांडीवर घेऊन कानशीने घासत होते.

तेवढ्यात उतावळ्या मास्तरांनी बटण दाबलं.

"अहो, बोगद्यात अजून रूळच नाहीये!" काका ओरडले. "गाडी तोंडावर आपटेल!"

गाडी ऐटीत बोगद्यात शिरली. सगळे हसत कान टवकारून उभे राहिले. आपटल्याचा आवाज काही आला नाही.

मास्तरांनी वाकून पाहिलं. बोगदा आरपार रिकामा होता.

इकडे काकांच्या मांडीवरचा रूळ खडखडू लागला. ठोके मोजायची त्यांना जन्माची सवय. एका डब्याचा एक ठोका.

"मास्तर, डबे किती जोडले होते?"

"चारच! का हो?"

काकांच्या मांडीवरून नववा डबा चालला होता.