डाव्या पायातला मोजा
खोटं वाटलं तर खुशाल हसा, माझ्या गोष्टींना लोक हसतातच. धाकटी लेक बाळंत झाली तेव्हाची ही गोष्ट. "रक्तात गाठी व्हायचा धोका किती, ते ठरवायचंय," नर्स म्हणाली. "घरात कुणाला झाल्या होत्या?" "छे गं, आमच्याकडे सगळे ठणठणीत," माझी बायको उत्तरली. थोरली लेक बाळंतपणानंतर गाठीनंच गेली, हे बायकोनं धाकटीपासूनही लपवलेलं. नर्सनं चादर उचलली. धाकटीच्या डाव्या पायात गाठी रोखणारा घट्ट पांढरा मोजा होता. "हा कुणी घातला?" "ताईनं," धाकटी अर्धवट झोपेत पुटपुटली. "म्हणाली, आई खरं सांगायची नाही." बायकोनं नर्सचा हात धरला. "लिही बाई, थोरली गाठीनंच गेली." नर्सनं लगेच इंजेक्शन मागवलं, दुसऱ्या मोज्यासाठी धाकटीच्या नावानं आलेलं सीलबंद पाकीट फोडलं. आत दोन्ही मोजे होते. थोरलीला आम्ही डाव्या पायातल्या अशाच मोज्यासकट निरोप दिला होता.