बावीस टाक्या

पूल दोनच तास उघडणार होता. भूकंपानं त्याला तडा गेला, त्याला आज अकरावा दिवस. तेवढे दिवस नदीपलीकडच्या मुलींच्या वसतिगृहात गॅस पोहोचला नव्हता. तिथली स्वयंपाकीण रिना ही गॅसच्या गोदामातल्या गुलाबभाऊंचीच लेक. दीडशे पोरींचं उघड्यावर तीन दगडांच्या चुलीवर रांधता रांधता तिचा हात भाजला होता. "बाबा, काहीतरी करा," अशी चिठ्ठी तिनं नदीतल्या एका डोंग्यातून, लहान होडीतून, पाठवली होती.

"भाऊ, भरू का गाडी?" ड्रायव्हर मिथुननं नाक ओढत विचारलं.

"थांब. हुंगल्याबिगर एक टाकी हलत नाई इथून."

भूकंपात गोदामातल्या गॅसच्या टाक्या एकमेकींवर आदळल्या होत्या. नियम साबणाच्या फेसाचा होता. तोंडावर फेस लावायचा, बुडबुडे आले तर टाकी गळकी. पण त्याला वेळ लागतो, आणि इथं पंधरा वर्षं गुलाबभाऊंचं नाक हाच नियम होता. मालक म्हणायचे, साबण एकवेळ खोटं बोलेल, गुलाब नाही. भाऊंना त्याची थोडी घमेंड होती, आणि का नसावी? एकदा त्यांनी बंद दाराबाहेरून गळती ओळखली होती.

भूकंपाच्या दिवशी याच गोदामाचं कौल त्यांच्या डोक्यात पडलं. पाच टाके पडले, तरी तिसऱ्या दिवशी भाऊ कामावर हजर. तेव्हापासून लेकीच्या काळजीनं त्यांच्या तोंडाची चवच गेली होती. सकाळी चहावरून बायकोशी, रुखमाबाईंशी खटका उडाला.

"आज अद्रक काऊन टाकली नाई?"

"रोजच्याइतकीच टाकली. तुमचं मनच थाऱ्यावर नाई."

खरंच होतं ते.

एकूण बावीस टाक्या. भाऊ प्रत्येकीच्या तोंडाशी वाकले, डोळे मिटून श्वास घेतला आणि एकेक बाजूला सारली. एकीपाशी जरा रेंगाळले. तिची कड चेपली होती.

"मिथुन, हुंग रे तूबी."

"मले तं सर्दी हाय, भाऊ. फोडणीचा ठसकाबी समजत नाई."

"तुह्या भरवशावर राह्यलो असतो तं झालंच होतं कल्याण!" भाऊ हसले. त्यांनी ती टाकी पुन्हा एकदा हुंगली आणि स्वतःच्या खांद्यावर घेऊन गाडीत चढवली.

गाडी पलीकडे गेली. मागे पुलावर पुन्हा बांबू आडवा पडला. टेलिफोनच्या तारा अजून रस्त्याकडेला लोळतच होत्या. मिथुन मुक्कामाला तिकडेच राहणार होता. भाऊंचे डोळे भरून आले. अकरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटत होतं.

घरी पोचले तेव्हा सहाला पाच कमी होते.

"सहाले शेगडी पेटवते आपली रिना," ते ओसरीवर टेकत म्हणाले. "आज पोरी पोटभर जेवतीन."

रुखमाबाई चहा घेऊन आल्या आणि दोन पावलांवरच थांबल्या. त्यांनी नाकाला पदर लावला.

"आधी तो सदरा काढा. खांद्याले किती गॅसचा वास येऊन राह्यला!"

भाऊंनी खांदा नाकाशी नेला. डोळे मिटून छातीभर श्वास घेतला. मग सदरा काढून दोन्ही हातांनी नाकावर दाबला आणि पुन्हा घेतला.

वास कसलाच नव्हता.