अडवून ठेवलेली जागा

बायकोचं सामान न्यायला तो तिच्या ऑफिसात गेला, तर सगळी टीम तिच्याच प्रोग्रॅमपुढे डोकं धरून बसलेली. कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड चालवणारा तिचा तो प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, चार दिवस घोळ घालत होता. "तिच्या कामात खोट निघाली की काय?" त्यानं विचारलं.

"खोट आमच्या अकलेत होती, काका," तिची सहकारी म्हणाली. "कार्डाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला रांगेत एक जागा असते. उत्तर वेळेत आलं नाही, तरी मॅडम ती जागा अडवून ठेवायच्या. आम्हाला वाटलं, उगाच फुकट जातेय. दिली नव्या प्रश्नाला. मग जुन्याचं उत्तर उशिरा उगवलं आणि नव्याच्या गळ्यात पडलं! मॅडमना हे आधीच दिसलं होतं. मानलं त्यांना."

"दिसणारच," तो हसला. "अशाच एका कार्डाशी तीस वर्षं संसार केला तिनं. आज विचारलेल्याचं उत्तर मी परवा द्यायचो."

हसता हसता तो थांबला. दवाखान्यात शेवटी तिनं विचारलं होतं, "माझ्यामागे वेळेवर जेवशील ना रे?" तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"जेवेन गं," तो तिच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाला.